माझा पोरगा, त्याचा फ्लेक्स

या अंकाच्या संपादकांनी मला अकॅडमीच्या वाटचालीवर लेख मागितला होता. मी घासाघीस केली. वाटचाल सगळेच लिहितात. शेवटी निवड झालेल्या पोरांची यादी येते आणि तिच्याखाली स्वतःचा फेट्यातला फोटो. मी म्हणालो, मी एकाच पोरावर लिहितो. तो आठ महिने माझ्या मैदानावर पळाला आणि आज त्याचा फोटो रस्त्यापलीकडच्या फ्लेक्सवर आहे. संपादक म्हणाले, त्यात तुमचं काय चांगलं दिसणार? मी म्हणालो, काही नाही, पण खरं तेवढंच आहे. सौदा तिथं तुटला नाही, म्हणून हा लेख.

वडूजच्या बाहेर माझी भरतीची अकॅडमी आहे. ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारावी झालेली सतरा-अठराची पोरं आमच्याकडे राहायला येतात. पहाटे पाचला शिट्टी, मग मैदान, मग मटकीची उसळ, केळी आणि दूध. दुपारी गणित आणि सामान्यज्ञान, संध्याकाळी पुन्हा मैदान. सगळा जीव सोळाशे मीटरमध्ये अडकलेला असतो. चार फेऱ्या साडेपाच मिनिटांच्या आत. एक सेकंद जास्त लागला की पोरगं पेटी उचलून घरी. मग उंची, वजन आणि छाती. छाती पाच सेंटीमीटर फुगली पाहिजे.

माझी चारच फुगली. तीन भरत्यांना गेलो, तिन्ही वेळा चारच. मग मी मेंढरांच्या बाजारात दलाली धरली. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडानं मात्र हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पंधरा वर्षं ते केलं आणि त्यातून हे मैदान उभं राहिलं. कुणाच्या बापाचा एक दगड यात नाही.

संपत हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आला तेव्हा त्याला पहिलं काम मी दिलं. पोरांची कवायत तो घ्यायचा. दोन वर्षांनी त्यानं समोरचंच माळरान भाड्यानं घेऊन स्वतःची अकॅडमी काढली. जाताना पाया पडून गेला, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाही. संपत हळू आवाजात बोलतो. पोरं त्याच्याकडे बघतात तेव्हा त्यांना खरा फौजी दिसतो. माझ्याकडे बघताना त्यांना काय दिसतं, मी कधी विचारलं नाही.

आता वेप नावाच्या वस्तूबद्दल. एकदा पेट्या तपासताना एका पोराच्या कपड्यांत मला फळ्यावर लिहायच्या मार्करसारखं काहीतरी सापडलं. चांगलं दिसलं म्हणून मी ते वर्गात नेलं आणि फळ्यावर घासलं. उमटेना. जोरात घासलं. मागच्या बाकावर एक पोरगा शेजाऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होता. संध्याकाळी मेसच्या आचाऱ्यानं मला समजावलं, "आण्णा, ती इजंवरची शिगरेट हाय. वाफ येती, फळाच्या वासाची." या वस्तूला देशात बंदी आहे. तरी साताऱ्यात मिळते, सांगलीत मिळते, आणि कुठं मिळते ते आमच्या पोरांना सामान्यज्ञानापेक्षा पक्कं पाठ असतं.

मग एकेक गोष्ट उलगडली. पौष महिन्यात चार नंबरच्या खोलीत आंब्याचा वास का यायचा. तीन फेऱ्या हरणासारखी पळणारी पोरं चौथ्या फेरीत कमरेवर हात का ठेवायची.

मी दलाल माणूस. प्रत्येक गोष्टीला भाव असतो यावर माझा विश्वास. मी जाहीर केलं, एक वेप जमा करा आणि एक रविवार सुट्टी घ्या. आठवड्यात नऊ नग जमा झाले. मी फुगलो. नंतर कळलं, त्यातले सात बंद पडलेले होते. वाळव्याकडचा अजिंक्य नावाचा एक पोरगा होता, उसाच्या घरातला, दिसायला देखणा आणि बोलायला गोड. त्यानं मेलेला नग देऊन सुट्टी घेतली, साताऱ्याला गेला आणि नवा घेऊन आला. मी भाव वाढवला. ज्या खोलीत वास येणार नाही तिला जादा दूध आणि बुधवारी मटण. पोरांनी खिडकीत पंखा लावला.

मग एक डॉक्टर बोलावले. त्यांनी फुप्फुसांची चित्रं दाखवली, काळी पडलेली. पोरं गप्प बसली, मला वाटलं लागू पडलं. शेवटी काही विचारायचंय का म्हटल्यावर अजिंक्य उठला. "सर, आमी सीमेवर जायला निगालोय, आन् तुमी आमाला पन्नाशीतल्या खोकल्याचं भ्या घालताय व्हय?" डॉक्टरसुद्धा हसले.

ज्याच्यावर हा लेख आहे तो बिरू या सगळ्यात कुठंच दिसत नव्हता. कवठे महांकाळकडचा पोरगा. बाप मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ. पोराला सोडायला आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्यापाशी टेकला. "मास्तर, मेंढरामागं माझं पाय गेलं. ह्येचं पाय कुठंतरी कामी लागूद्यात. येक वरीस देतो. न्हाई झालं तर मेंढरं हायतच." एक वर्ष म्हणजे एक वर्ष, त्या माणसाच्या शब्दात घासाघिशीला जागा नव्हती. मीही त्याच मेंढपाळ समाजातला, आमचा देव बिरोबा एकच. बिरूला पळताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, मला जे जमलं नाही ते हे पोरगं करणार. दोन महिन्यांत तो पाच मिनिटं पस्तीस सेकंदांवर आला. मी त्याचं नाव मनातल्या फ्लेक्सवर लिहून टाकलं.

सातव्या महिन्यात तो सहा मिनिटांवर गेला. मला वाटलं अंग भरलं असेल, पोटरी दुखत असेल. तेल चोळून घेतलं, अंडी वाढवली. आपला पोरगा तसलं काही करेल हे मनात आलंच नाही.

त्याच दिवसांत माझं डोकं फिरलं होतं. सुट्टी, मटण, डॉक्टर, सगळं वाया. मग मी ठरवलं भंडारा उचलायला लावायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कोर्टाच्या कागदापेक्षा जड. रविवारी सकाळी मैदानावर टेबल मांडलं, बिरोबाचा फोटो आणि पितळी ताटात भंडारा. साठ पोरं रांगेत. एकेकानं यायचं, चिमूट उचलायची, मी ओढत नाही आणि ओढणार नाही म्हणायचं, कपाळाला लावून पुढं जायचं. पोरं पटापट उचलत गेली. अजिंक्यनं तर दोनदा कपाळाला लावला.

बिरू आला. त्याचे हात मागंच राहिले.

"उचल."

"न्हाई सर."

"का रं?"

"खोटं हुईल."

मी म्हणालो, "म्हंजी वढतूस?"

"व्हय."

"बरं. आजपास्नं सोडनार म्हन आन् उचल."

"सोडायचं हाय सर. पर जमंल का न्हाई ठावं न्हाई. हितं आल्यावर दोनदा सोडून बगितलंय. बिरोबाम्होरं कसं बोलू?"

साठ जणांत एकच पोरगा खरं बोलला होता. त्याला जवळ घ्यायची ती वेळ होती. पण मला तेव्हा एवढंच दिसलं की माझ्याच समाजातलं, माझ्याच भरवशाचं पोरगं सगळ्यांदेखत माझं नाक कापतंय. मी खोलीत गेलो आणि त्याची पेटी उचलून गेटबाहेर ठेवली. त्यानं पेटी डोक्यावर घेतली, रस्ता ओलांडला आणि संपतच्या मैदानात शिरला. बापाला काय सांगणार होता कुणास ठाऊक. त्याच्या एका वर्षातले चार महिने उरले होते.

त्याच संध्याकाळी चार नंबरमध्ये पुन्हा आंब्याचा वास. मी दार लोटलं. अजिंक्य बसला होता. तोपर्यंत मारायचीही ताकद राहिली नव्हती. मी फक्त विचारलं, "आरं, सकाळी भंडारा उचललास ना?"

तो खाली बघत म्हणाला, "उचलला सर. सोडायचंच म्हनून उचलला, आईच्यान. जेवल्यावर ऱ्हावलं न्हाई, येकच झुरका घेतला. मंग म्हटलं, शपथ तर मोडली. आता थांबून काय उपेग?"

त्या पोरात सकाळी जी थोडी इच्छा होती ती मी ताटात मांडून संपवली होती. एक झुरका म्हणजे एक झुरका. मी त्याला देवाचा गुन्हा करून टाकला. गुन्हेगार कशाला सोडेल?

त्यानंतरची चार महिन्यांची माझी नोकरी सांगायला लाज वाटते. आमच्या दोन मैदानांच्या मध्ये रस्ता आणि माझी कंपाऊंडची भिंत. भिंतीला एक विटेएवढं भोक आहे. पहाटे माझी पोरं पळवून झाली की मी तिथं जायचो आणि खिशातल्या घड्याळावर बिरूची वेळ लावायचो. पहिल्या आठवड्यात सहा दहा. बरं वाटलं. संपतच्यानं काय होतंय. मग सहा. पाच पन्नास. पाच त्रेचाळीस. त्या दिवशी मी माझ्या पोरांना विनाकारण जादा दोन फेऱ्या दिल्या.

मग एका सकाळी तो पुन्हा सहा पाचवर आला आणि शेवटी खोकत खाली बसला. मी ओळखलं, ओढलेली आहे. मला आनंद झाला. हे लिहायला नको होतं, पण झाला. मी भिंतीपाशी उभा राहिलो, आता संपत त्याची पेटी बाहेर काढेल म्हणून. संपत त्याच्याजवळ बसला, काहीतरी बोलला आणि दोघं हसले. दुसऱ्या दिवशी बिरू मैदानावर होताच. त्याच्या बरोबर एक चष्मेवाला पोरगा खांद्याला खांदा लावून पळत होता. त्यानंतर ती जोडी मी सुटलेली बघितली नाही. संध्याकाळच्या जेवणानंतर दोघं किटली घेऊन मागच्या वस्तीवर दूध आणायला जायचे. एवढं दूध संपतला कशाला लागतं, हे मला कळेना.

भरती झाली. बिरू पाच एकवीसमध्ये आला. छाती सहा फुगली. निकालाच्या चौथ्या दिवशी समोर फ्लेक्स लागला, वीस फुटी, माझ्या गेटकडे तोंड करून. मधोमध बिरू.

मी रस्ता ओलांडून गेलो. संपत खुर्चीत बसून कांदा चिरत होता.

"संपत, ह्यो पोरगा माझा."

"आवं आण्णा, पोरगा त्येच्या बापाचा. बसा, च्या टाकतो."

"च्या ऱ्हाऊंदे. आठ म्हयनं माझ्याकडं, चार तुझ्याकडं. बारातलं आठ कुनाचं? दोन वाटं माझं, येक वाटा तुझा."

"मंग आसं करू. पाय तुमच्या फ्लेक्सवर लावा, मुंडी माझ्या ऱ्हाऊंदे."

त्याचा आचारी हसला, मी पेटलो. जे जे मनात होतं ते सगळं बोललो, कामाला ठेवलं तिथपासून. संपत कांदा चिरत राहिला. मी थकल्यावर म्हणाला, "आण्णा, वाटा घ्या. पर काय केलंसा ते पोराला इचारून घ्या."

"तूच सांग की, तू काय केलंस. कसलं औषध दिलंस?"

"औषध कसलं. इचारलं, कवा वढाव वाटतंय? म्हनला, जेवल्यावर पोरं टोळक्यानं बसली की. मंग त्या टायमाला दूध आनायला लावला. दुसऱ्या येका पोराला बी सोडायची व्हती, त्येला संगं दिला. म्हनलं, मोडलं की मला येऊन सांग, शिवी देनार न्हाई. मी बिडी चार बारी सोडली आण्णा. तीन बारी मोडली. मोडल्याची लाज धरली आसती तर आजून वढत बसलो आसतो."

"आन् त्यो येऊन सांगायचा?"

"तीनदा आला."

मला ते 'तीनदा' फार लागलं. आठ महिन्यांत माझ्याकडे तो एकदाही काही सांगायला आला नव्हता. आला तो एकदाच, साठ जणांसमोर, मी बोलावला म्हणून.

ट्रेनिंग संपवून बिरू सुट्टीवर आला तेव्हा आधी समोर गेला. मी गेटमधून बघत होतो. अर्ध्या तासानं इकडे आला, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. केस बारीक, पाठ ताठ. वाकून पाया पडला. मी लगेच व्यवहारावर आलो. त्याचा एक फोटो माझ्याही फ्लेक्सवर लागू दे.

"लावा की सर. पळायला तुमीच शिकीवलं."

इतक्या सहज दिला की मला आणखी मागावंसं वाटलं. "आन् ती वढायची सुटली, त्येचं नाव कुनाचं?"

त्यानं पुड्याची दोरी सोडून पेढे माझ्यापुढं केले. "ती तितं सुटली सर."

"माझ्यात काय कमी पडलं? सुट्टी दिली, दूध दिलं, मटान दिलं. त्या संपतनं तर काय बी दिलं न्हाई."

"त्येच की सर. तुमी रोज कायतरी वाढवीत गेलासा. आमी खोलीत म्हनायचो, येवढं द्यायला तयार हायत म्हंजी ही लय मोठी चीज आसनार. सोडायची तर आनखी काय मिळतंय बगू."

मी पंधरा वर्षं बाजारात हेच शिकलो होतो. गिऱ्हाइकानं गरज दाखवली की मालाचा भाव चढतो. कुणाच्याही मेंढराला मी कधी डोळे भरून बघितलं नाही, आणि या प्लास्टिकच्या कांडीपुढे मात्र रोज बोली वाढवत राहिलो.

"तू लागलास कसा पर?" मी पहिल्यांदाच विचारलं. आठ महिने त्याला तेल चोळलं, पण हे विचारलं नव्हतं.

"सांगलीला होस्टेलात सर. पोरं म्हनायची, ह्येच्या अंगाला मेंढराचा वास येतो. शेजारी कोन बसायचं न्हाई. मंग येकानं ही दिली. आंब्याचा वास. त्या दिवशी पोरांनी जेवताना शेजारी घेतलं." तो जरासा हसला. "हवालदारांनी ज्या पोरासंगं दुधाला धाडलं ना, त्येच्या घरी बी मेंढरं हायत. आमी वाटंनं मेंढरांचंच बोलायचो. वढायची याद कवा जायाची कळायचं न्हाई."

मीही आयुष्यभर मेंढरांतलाच. मला तो वास कधी आला नाही, म्हणून त्या पोराचं दुःखही दिसलं नाही. आणि चष्मेवाल्याच्या घरी मेंढरं आहेत हे संपतनं विचारून काढलं होतं. मेंढरू कधी हातात न धरलेला संपत.

बिरूचा फोटो मी लावला नाही. त्यानं नाही म्हटलं असतं तर भांडून लावला असता.

त्यानंतर मीही संपतचीच रीत उचलली. चोरली म्हणा. टेबल, ताट, शपथ सगळं बंद. पोरांना सांगितलं, मोडलं की मला येऊन सांगा, काही बोलणार नाही. दोन महिने संध्याकाळी ऑफिसचं दार उघडं ठेवून बसलो. कुणी आलं नाही. ज्यानं एकाची पेटी रस्त्यावर ठेवली त्याच्यापाशी कोण येणार? शब्द परत घेता येतो, पेटी सगळ्यांनी बघितलेली असते.

मग एका संध्याकाळी गेटवाल्यानं कानात सांगितलं, आपली चार पोरं जेवणानंतर समोर जातात. दूध आणायला. माझी पोरं, माझ्या मेसचं जेवून, संपतच्या किटल्या उचलतात. अजिंक्यही त्यात. दोन भरत्या हुकूनही तो अजून माझ्याचकडे आहे. मी तावातावानं गेटपर्यंत गेलो. कुलूप हातात होतं. समोरून पोरांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी कुणाची तरी नक्कल करत होतं, बहुधा माझीच. मी उभा राहिलो. कुलूप घातलं तर ती पोरं खोलीत बसतील आणि खोलीत काय होतं ते मला माहीत होतं. गेटवाल्याला म्हणालो, जेवणानंतर अर्धा तास गेट उघडं राहू दे. कोण गेलं, कोण आलं, मला सांगू नकोस.

तेव्हापासून गेट उघडं असतं. माझा राग गेला आहे असं कुणी समजू नये. समोर दिवा लागला की मला जेवण गोड लागत नाही. पोरांना खायला मी घालतो, पळवतो मी, गणित मी शिकवतो, आणि मनातलं मात्र ती तिकडे जाऊन सांगतात. पण आता विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव न विचारता गप्प बसतोय, आणि ते मला फार जड जातंय.

परवा अजिंक्य परत येताना ऑफिसच्या दारात थांबला. आत येऊ का विचारलं नाही, चौकटीला टेकला.

"सर, आज एकोणीस दिवस झालं."

मी काही देऊ केलं नाही. शाबास म्हटलं आणि त्याला बसायला खुर्ची ओढली. तो बसला. त्याच्या शर्टाला दुधाचा वास येत होता, म्हणजे तो आधी समोर सांगून आला होता.